इंग्रजी फ्रेझल व्हर्ब : मराठी भाषकांना वारंवार पडणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना जे प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी उदाहरणे मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण या विषयात शब्द कसा लिहिला जातो यापेक्षा तो कोठे उभा राहतो आणि त्याच्यावर जोर पडतो की नाही, याला जास्त महत्त्व आहे.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे नेमके काय?

एखादे साधे क्रियापद आणि त्याच्यामागून येणारा 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'ऑन', 'आउट', 'ओव्हर', 'अवे' यांच्यासारखा छोटा शब्द मिळून जेव्हा एकच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात आणि त्या छोट्या शब्दाला पार्टिकल म्हणतात. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. क्रियापद कोणते आहे याकडे विद्यार्थी डोळे लावून बसतात आणि पार्टिकल शेपटीसारखे सोडून देतात. वास्तविक वाक्यातली बातमी बहुतेक वेळा त्या शेपटीतच असते.

ही अडचण केवळ आपलीच नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच असे नमूद केले आहे की, क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी लोकांना सर्वांत जास्त त्रास देते. गंमत म्हणजे 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा त्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाली. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ती १९२५ मध्ये वापरली आणि ती कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्यांनी सांगितले.

असे काही मराठीत आहे का?

आहे, आणि ते ओळखले तर निम्मी भीती जाते. मराठीत आपण 'लिहून घे', 'लिहून ठेव', 'लिहून काढ', 'लिहून दे' आणि 'लिहून टाक' असे पाच वेगवेगळे हुकूम एकाच लिहिण्याबद्दल देतो. 'लिहून टाक' म्हणताना कोणी काही टाकत नाही, 'रडून घे' म्हणताना कोणी काही घेत नाही आणि 'नको ते बोलून बसलो' असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात उभाही असू शकतो. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ मागे सरलेला असतो. ते काम पूर्ण झाले, कोणासाठी झाले, मागाहून पस्तावा झाला का, एवढेच ते सांगते. इंग्रजीत हे काम पुष्कळदा पार्टिकल करते. 'ड्रिंक युअर मिल्क' म्हणजे दूध पी, आणि 'ड्रिंक अप युअर मिल्क' म्हणजे पिऊन टाक, पेल्यात काही ठेवू नकोस.

तुलना येथपर्यंत चालते, पुढे ती ताणू नये. मराठीतले दुसरे क्रियापद पहिल्याचा अर्थ सहसा मोडत नाही, लिहून टाकले तरी ते लिहिणेच राहते. इंग्रजी पार्टिकल मात्र क्रियापदाला उचलून भलतीकडेच नेऊन ठेवू शकते. त्यासाठी अधिक जवळचे उदाहरण संस्कृत उपसर्गांचे आहे. 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' हा श्लोक शाळेत संस्कृत घेतलेल्या अनेकांना पाठ असेल; उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे नेतो, असे तो सांगतो. एकाच 'हृ' धातूपासून मारणे, खाणे, नाश करणे आणि हिंडणे हे सगळे निघते, याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण ते शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. 'ब्रेक डाउन', 'ब्रेक इन', 'ब्रेक आउट' आणि 'ब्रेक ऑफ' म्हणजे अनुक्रमे बंद पडणे, घरफोडी करणे, उद्भवणे आणि संबंध तोडणे, हे इंग्रजांच्या घरातले तसेच कुटुंब आहे.

मग उपसर्ग आधी आणि पार्टिकल नंतर, असे का?

जुन्या इंग्रजीतही असे छोटे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी चिकटत असत. पुढे ते सुटे होऊन मागे येण्याची रीत बळावली. आधी चिकटलेले काही जुने शब्द टिकले आणि त्यांच्या शेजारी नव्या जोड्याही आल्या, त्यामुळे आज एकाच सामग्रीचे दोन वेगळे अर्थ सापडतात. गाडी 'ओव्हरटेक' करतात आणि कंपनी 'टेक ओव्हर' करतात. वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाचा निकाल 'अपहोल्ड' करते, म्हणजे कायम ठेवते. पावसामुळे वाहतूक 'होल्ड अप' होते, म्हणजे खोळंबते.

पाणिनीच्या वाचकाला येथे एक ओळखीची खूण सापडेल. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असे 'ते प्राग्धातोः' या सूत्रात सांगितल्यावर लगेच पुढच्या दोन सूत्रांत, 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च', असे म्हटले आहे की, वेदांच्या भाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतात. 'टर्न द लाइट ऑफ' या वाक्यात 'टर्न' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये दिवा येऊन बसतो, तेव्हा इतकेच घडते.

'टर्न ऑफ इट' चूक आणि 'टर्न इट ऑफ' बरोबर, हे कशावरून?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, परंतु पंख्याच्या जागी सर्वनाम आले की त्याला मध्येच बसावे लागते. नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेतलेले बरे. इंग्रजी वाक्याचा शेवट हा वजनदार गोष्टीसाठी राखलेला असतो, म्हणजे जी माहिती नवी आहे ती तेथे येते. 'इट' म्हणजे जुनीच, आधी बोलून झालेली वस्तू; तिला वजन नाही. 'ऑफ'ला मात्र वजन आहे, कारण पंखा लावायचा की बंद करायचा हे तेच ठरवते. म्हणून हलके मध्ये जाते आणि जड शेवटी राहते.

याच कारणामुळे कर्म फार लांब असेल तर ते मध्ये घालत नाहीत. 'तुझ्या भावाने स्वयंपाकघरात चालू ठेवलेला दिवा बंद कर' हे इंग्रजीत सांगताना 'टर्न' म्हणून, मग तो सारा दिवा भावासकट सांगून, शेवटी 'ऑफ' म्हटले तर ऐकणारा ताटकळतो. तेथे 'टर्न ऑफ' आधी सांगून मोकळे व्हावे.

पण 'लुक आफ्टर हर' मध्ये 'हर' शेवटी कसे?

कारण 'आफ्टर' हे या अर्थाने पार्टिकल नसून प्रेपोझिशन आहे, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे ते नामाला बांधलेले आहे. शब्दयोगी अव्यय आपल्याकडे नामाच्या मागे चिकटते, इंग्रजीत ते नामाच्या पुढे उभे राहते, आणि दोन्हीकडे ते नामाला सोडून जात नाही. पार्टिकलची सोयरीक क्रियापदाशी असते आणि प्रेपोझिशनची नामाशी. पुष्कळ पुस्तके दोन्ही प्रकारांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात, काही व्याकरणकार दुसऱ्याला वेगळे नाव देतात. शिकणाऱ्याने नावात अडकू नये, सर्वनाम कोठे बसते तेवढे पाहावे.

दोन्ही ओळखण्यासाठी मी फळ्यावर एक जोडी लिहितो. 'ही रॅन अप द हिल' म्हणजे तो टेकडी धावत चढला. 'ही रॅन अप द बिल' म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवले. दिसायला जुळी असलेली ही वाक्ये 'अप' हलवताच वेगळी होतात. 'ही रॅन द बिल अप' चालते. 'ही रॅन द हिल अप' असे म्हटले तर टेकडीच उचलून पळवल्यासारखे होते आणि वर्ग हसतो. पहिल्या वाक्यात 'अप' टेकडीचे आहे आणि दुसऱ्यात ते धावण्याचे आहे.

कान तयार असेल तर आणखी एक खूण मिळते. 'आय लुक्ट ॲट इट' मध्ये 'ॲट' गिळल्यासारखे बोलले जाते, तर 'आय टर्न्ड इट ऑफ' मध्ये 'ऑफ' ठसठशीत ऐकू येते. मराठी बोलणारे सगळ्याच शब्दांना साधारण सारखा जोर देतात, त्यामुळे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही समोरच्याला 'काय म्हणालात?' असे विचारावे लागते.

आम्ही सर्रास 'रिमूव्ह' आणि 'वेअर' म्हणतो. त्यात काय चुकते?

मराठीतले 'काढणे' हे क्रियापद काय काय काढते ते पाहा: बूट काढतो, वही काढतो, चित्र काढतो, फोटो काढतो, झोप काढतो, दात काढतो, भांडण काढतो. नेमके काय घडले ते आपल्याला नामावरून कळते, क्रियापद बदलावे लागत नाही. इंग्रजीत अंगावरची वस्तू उतरवली तर 'टेक ऑफ' आणि पिशवीतून बाहेर आणली तर 'टेक आउट' म्हणतात. फरक पार्टिकल दाखवते. आपण 'काढणे' या एका शब्दासाठी एकच इंग्रजी शब्द शोधतो आणि 'रिमूव्ह' वर येऊन थांबतो. बुटांच्या बाबतीत ते खपते, सूचनाफलकावर तर शोभतेही. परंतु 'रिमूव्ह युअर नोटबुक्स' म्हणजे वह्या येथून हलवा, त्या नजरेसमोर नकोत, असा उलटाच अर्थ निघतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रत्येक तास मी याच वाक्याने सुरू करत असे आणि वर्ग मुकाट्याने वह्या उघडत असे, कारण मी मराठीत बोलत होतो आणि मुलेही मराठीतच ऐकत होती.

'घालणे' या शब्दाचेही असेच आहे. 'वेअर' ही स्थिती आहे, कपडा अंगावर असण्याची. अंगावर चढवण्याची कृती म्हणजे 'पुट ऑन'. बाहेर निघताना मुलाला 'स्वेटर घाल' असे सांगायचे असेल तर 'पुट ऑन युअर स्वेटर' म्हणावे. 'वेअर युअर स्वेटर' म्हटल्यास ती स्वेटर घालून राहण्याविषयीची सूचना वाटते.

प्रत्येक पार्टिकलला ठराविक अर्थ असतो का?

ठराविक नाही, पण कल असतो, आणि तो ओळखणे फायद्याचे आहे. 'अप' मध्ये वर जाणे, वाढणे, समोर येणे आणि काम तडीस जाणे हे कल दिसतात. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे करणे, 'टर्न अप' म्हणजे उगवणे (पाहुण्याच्या अर्थाने, सूर्याच्या नव्हे). 'डाउन' मध्ये कमी होणे, बंद पडणे आणि कागदावर उतरणे आहे; मराठीतही आपण मजकूर 'उतरवून' घेतोच. 'ऑन' पुष्कळदा चालू राहणे सांगते, 'कॅरी ऑन' किंवा 'गो ऑन' मध्ये ते दिसते. 'आउट' मध्ये बाहेर येण्याबरोबरच उघडकीला येणे आणि संपणे असते. 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे घरातली साखर संपली आहे. ते ऐकून क्रिकेटची आठवण होणारच, पण येथे बाद कोणीही झालेले नाही.

कल म्हणजे कायदा नव्हे, याचे उत्तम उदाहरण 'ऑफ' आहे. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, आणि 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजू लागला. एक बंद होतो, दुसरा सुरू होतो. गजर, बंदूक, फटाका यांच्या बाबतीत आत कोंडलेली गोष्ट सुटून बाहेर पडते अशी कल्पना केली, तर 'ऑफ' मधले सुटणे तेथेही दिसू लागते. तशीच मौज जळण्याची आहे. घर 'बर्न डाउन' होते आणि कागद 'बर्न अप' होतो, शेवटी उरते ती राखच. घर कोसळून खाली येते हे एकीकडे, आणि कागदाचे काहीच शिल्लक राहत नाही हे दुसरीकडे, एवढाच दृष्टीचा फरक आहे.

'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे पुढे ढकलणे ना?

नाही, आणि या एका जोडीने मराठी माणसाचे जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कशाने होत नसेल. मराठीत काळाच्या संदर्भात 'पुढे' म्हणजे नंतर. परीक्षा पुढे गेली याचा अर्थ ती उशिरा होणार. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आधी आणणे, म्हणजेच अलीकडे घेणे. उलट 'पुट ऑफ' आणि ब्रिटिश वापरातले 'पुट बॅक' म्हणजे लांबवणे. 'बॅक' म्हणजे मागे, म्हणून तारीख मागे आली असेल, असा आपला समज होतो आणि तो नेमका उलटा ठरतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची परदेशी कंपनीसाठीची ऑनलाइन मुलाखत बुधवारी होती. ती दोन दिवस 'ब्रॉट फॉरवर्ड' झाल्याची ईमेल आली. तो शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला, तेव्हा मुलाखत सोमवारीच होऊन, म्हणजे त्याच्यावाचून होऊन गेली होती. भारतीय इंग्रजीत 'प्रीपोन' हा शब्द का रुजला असावा, हे त्या दिवशी मला नीट कळले. 'पोस्टपोन' मधला लॅटिन 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. त्याच्या जोडीला 'आधी ठेवणे' या अर्थाचा 'प्रीपोन' हा शब्द आपल्या लोकांनी रुजवला आणि पुढे-मागेचा घोळ टाळला. शुद्धतावाद्यांनी त्याला कितीही नाके मुरडली तरी माझ्या मते तो शब्द गुणी आहे. मात्र भारताबाहेरच्या माणसाला तो कळेलच असे नाही.

तीन शब्दांच्या जोड्यांचे काय?

'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, 'गेट अवे विथ' म्हणजे केले ते पचवून जाणे, 'लुक डाउन ऑन' म्हणजे कमी लेखणे. यांत मधला शब्द पार्टिकल आणि शेवटचा प्रेपोझिशन असतो, म्हणून कर्म सर्वनाम असले तरी शेवटीच येते. पत्रव्यवहारात लागणाऱ्या 'लुक फॉरवर्ड टू' मध्ये 'टू' हे प्रेपोझिशन आहे, म्हणून त्याच्यापुढे 'सी' न येता 'सीइंग' येते. 'आय लुक फॉरवर्ड टू सी यू' हे वाक्य इतक्या ईमेलमध्ये आढळते की ते बरोबरच वाटू लागले आहे.

पार्टिकल जास्त झाले तर बिघडते का?

बिघडते. 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक' यांमध्ये 'रि' नेच मागे येणे सांगितलेले असते, त्यामुळे 'बॅक' फुकट जाते. 'डिस्कस अबाउट' मधील 'अबाउट' हे मराठीतल्या 'विषयी' चे भाषांतर आहे. 'डिस्कस' ला त्याची गरज नाही. 'कोप अप विथ' ही 'कोप विथ' आणि 'कीप अप विथ' यांची खिचडी आहे.

औपचारिक लेखनात फ्रेझल व्हर्ब टाळावीत का?

सरसकट टाळू नयेत. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्यकर्ते आले आणि दरबार, कायदा, शिक्षण यांत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा भरणा झाला, त्यामुळे एकाच गोष्टीसाठी घरचा आणि कचेरीचा असे दोन शब्द पुष्कळदा मिळतात: 'पुट आउट' आणि 'एक्स्टिंग्विश', 'लुक इनटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट'. आपल्याकडे 'आग विझवली' आणि 'अग्निशमन केले' यांमध्ये जो फरक वाटतो, तोच तेथे आहे. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून कचेरीचे शब्द आपल्याला आधी भेटले आणि घरचे कठीण वाटतात. इंग्रज मुलाचे बरोबर उलट असते. शोधनिबंधात 'इन्व्हेस्टिगेट' शोभेल, परंतु 'कॅरी आउट' आणि 'सेट अप' हे औपचारिक लेखनातही बिनदिक्कत येतात.

'ब्रेकडाउन' एक शब्द की दोन?

क्रियापद असेल तर दोन आणि नाम असेल तर सहसा एक. 'द बस ब्रोक डाउन' मध्ये ते सुटे आहेत आणि जोर 'डाउन' वर आहे. 'अ ब्रेकडाउन' मध्ये ते जोडलेले असून जोर 'ब्रेक' वर येतो. अशी नामे मराठीने केव्हाच आपलीशी केली आहेत: मेकअप, चेकअप, बॅकअप, फॉलोअप, लॉकडाउन, ब्रेकअप. 'पिकअप' म्हणजे तर आपल्याकडे मालाची छोटी गाडीही आणि 'गाडीला पिकअप नाही' मधला वेगही. नाम आपल्याला येते, त्याच्या आतले क्रियापद मात्र वापरायला आपण बिचकतो.

भारतात चालणारे प्रयोग बाहेर चालतात का?

काही चालतात, काही फसतात. फॉर्म भरण्याला आपण 'फिल अप' म्हणतो, ब्रिटनमध्ये प्रामुख्याने 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट' म्हणतात. तिघांचेही काम होते. 'आय पास्ड आउट इन २०१५' हे मात्र सांभाळून वापरावे. आपल्याला पदवी मिळाल्याचे सांगायचे असते, पण लष्करी प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडण्याचा अर्थ सोडला तर इतरत्र 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे.

शब्दकोशात हे कसे शोधावे?

मुख्य क्रियापदाखाली, नोंदीच्या शेवटी. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांत 'समथिंग' किंवा 'समबडी' यांची संक्षिप्त रूपे कोठे छापली आहेत, ते बारकाईने पाहावे. 'टर्न' आणि 'ऑफ' यांच्या मध्ये ते असेल, किंवा तेथे दोन्ही टोकांना टोक असलेला बाण असेल, तर कर्म मध्ये घेता येते. 'लुक आफ्टर' च्या शेवटी असेल, तर कर्म शेवटीच ठेवावे. वहीत नोंद करतानाही सुटी जोडी आणि मराठी अर्थ एवढेच न लिहिता मध्ये 'इट' घातलेले एक छोटे वाक्य लिहावे, म्हणजे 'पुट ऑफ' असे न लिहिता 'डोन्ट पुट इट ऑफ' असे लिहावे.